घसा माझा, बातमी गावाला

मला कॅन्सर झाल्याचं विश्रांतवाडीपासून लोहगावपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माझ्या बायकोला, मुलाला, भावाला, भावाच्या व्याह्यांना, सोसायटीच्या वॉचमनला आणि, मी शपथेवर सांगतो, वॉचमनच्या कुत्र्यालासुद्धा. कारण जे कुत्रं गेली कित्येक वर्षं माझ्या पायजम्यावर दात धरून होतं, ते त्या आठवड्यात मला बघून शेपटी हलवायला लागलं. माहीत नव्हतं फक्त एकाला. ज्याच्या घशात तो कॅन्सर बसला होता त्याला.

मला ते सांगितलं आमच्या घरी राहणाऱ्या एका डच मुलीने. दुपारच्या चहाला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वच्छ मराठीत.

मी थट्टेत विचारलं होतं. म्हटलं, ‘‘काय गं मारिके, घरातली सगळी माझ्याशी एवढी गोड का वागतायत? मी मरायला टेकलोय की काय?’’

तिने कप खाली ठेवला. ‘‘बहुधा मरणार नाही, काका. पण तुम्हाला स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. काकूंनी मला सांगितलं होतं की बोलू नकोस. मी म्हणाले होते, आपणहून बोलणार नाही, पण काकांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही. तुम्ही विचारलंत.’’

एवढं बोलून तिने बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाली, दुसरं घ्या. आता ही मुलगी चहाबरोबर मोजून एक बिस्कीट खायची आणि डब्याचं झाकण लावून टाकायची. तिच्या देशात म्हणे तशीच पद्धत. तिने दुसरं बिस्कीट पुढे केलं, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

हे सगळं मी रागाने लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो. आणि लिहितोय ते तुमच्यासाठी, जे आत्ता कुठल्यातरी हॉस्पिटलच्या बाकावर बसलेत आणि ज्यांचा मुलगा आत डॉक्टरांशी बोलतोय.

आधी माझी ओळख. पोटासाठी मी कारखान्यात नोकरी केली, पण मला लोक ओळखतात ते कुस्तीच्या मैदानातला निवेदक म्हणून. जत्रांचे आखाडे असतात तिथे माइक हातात घेऊन पैलवानाचं गाव-घराणं सांगायचं, डाव ओळखायचा, कंटाळलेल्या गर्दीला जागेवर ठेवायचं. हलगी वाजायची थांबली तरी मी थांबत नाही. वाघोलीकडच्या एका मैदानात मी ‘बसून घ्या मंडळी’ म्हणालो तेव्हा गर्दी बसलीच, पण मैदानाबाहेर उसाच्या चरकाला जुंपलेला बैलही बसला. खोटं वाटत असेल तर त्या बैलाला विचारा. घरातही माझा तोच आवाज. आयुष्यभर मला सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलंय, ‘अण्णा, जरा हळू.’

मारिके आमच्याकडे आली ती शहरांच्या पाण्याचा अभ्यास करायला, वर्षभरासाठी. कॉलेजने तिला राहायला एक मराठी कुटुंब शोधून दिलं, ते आम्ही. मराठी ती पुस्तकातून शिकून आली होती, त्यामुळे माझ्या मुलापेक्षा बरं बोलायची. मुलगा अभिजित खराडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या वाक्यात क्रियापद तेवढं मराठी असतं.

पहिल्या महिन्यात तिचं आणि माझ्या बायकोचं, सुमनचं, युद्ध चाललं. मारिके ‘नको’ म्हणाली की सुमन आणखी एक पोळी वाढायची. आपल्याकडे पहिला नको हा शिष्टाचार, दुसरा नको हा लाजरेपणा, तिसऱ्याला कुठे विचार करायचा. तिच्याकडे नको म्हणजे नको. त्या महिन्यात तिचं वजन एवढं वाढलं की तिच्या आईने व्हिडिओ कॉलवर तिला ओळखलं नाही, दुसऱ्या कुणाला तरी फोन लागला समजून ठेवून दिला.

तिच्या देशात वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. बसल्या बसल्या रोज नजर पडते, मग कुणाचा वाढदिवस विसरत नाही. तसं एक कॅलेंडर तिने आम्हाला भेट म्हणून आणलं होतं. सुमनने हातात घेतलं, छान आहे म्हणाली आणि कपाटात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी मारिके तिला विचारते, ‘‘छान आहे, तर कपाटात का?’’

सुमन पोळ्या लाटायला निघून गेली.

एकदा सुमनने श्रीखंड केलं. मारिके म्हणाली, फार गोड आहे, मला आवडलं नाही. सुमन दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पिठलं केलं, मारिकेने बोटं चाटली आणि म्हणाली, हे उत्तम आहे. तेव्हा सुमनचा चेहरा असा फुलला की आमच्या लग्नातसुद्धा मी तसा पाहिला नव्हता. कारण तिला कळून चुकलं होतं की ही छान म्हणाली म्हणजे ते छान असतंच. या मुलीच्या तोंडून निघालेली गोष्ट परत तपासून बघावी लागत नाही.

म्हणून ती कॅन्सर म्हणाली तेव्हा मी ‘छे, काहीतरीच’ म्हणूच शकलो नाही.

आता थोडं मागे जातो. सुरुवात झाली आवाज बसण्यापासून. जत्रांचा हंगाम संपला तरी आवाज उघडेना. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, खडीसाखर झाली. भाऊ लोहगावाहून आला आणि म्हणाला, ‘‘काय नाय रं, हंगामाचा ताण हाय.’’ मी ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. तुम्ही मात्र ऐकू नका. आवाज तीन आठवडे बसून राहिला तर खडीसाखर चघळत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

डॉक्टरांनी आधी लॅरिंगोस्कोपी केली. म्हणजे नाकातून बारीक कॅमेरा सोडून घशाच्या आत डोकावणं. विड्या ओढता का, असं त्यांनी विचारलं, मी म्हटलं कधीमधी. मागे बसलेली सुमन खोकली. डॉक्टरांनी मी सांगितलेलं सोडून सुमनचा खोकला लिहून घेतला.

पडद्यावर माझे स्वरतंतू दिसत होते. ज्या आवाजाने बैल बसतो तो केवढ्याशा दोन पट्ट्यांतून येतो हे बघून मी खट्टू झालो. त्यांच्यावर पांढरट, खरबरीत काहीतरी होतं. मग बायोप्सी झाली. म्हणजे भूल देऊन तिथला कणभर तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी कागद वाचला. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारलं, ‘‘सोबत कोण आहे?’’

सोबत अभिजित होता.

‘‘काका, तुम्ही जरा बाहेर बसा.’’

आणि मी बसलो. हेच मला आजही खुपतं. ज्या माणसाने मैदानात आमदाराला ‘साहेब, माइक सोडा’ म्हणून सांगितलंय, तो मी, पाळण्यातल्या बाळासारखा उठलो आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. समोर टीव्ही होता, त्याचा आवाज बंद केलेला. एक बाई गुलाबजाम तळत होती आणि तोंड हलवत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. माझ्यापासून दहा पावलांवर बंद दाराआड माझ्या घशाची चर्चा चालली होती आणि मला गुलाबजामाच्या पाकाला किती तारा येतात ते दिसत होतं.

अभिजित बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, एसीने. साधी गाठ आहे अण्णा, छोटंसं ऑपरेशन, एका दिवसात घरी.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला मी छळ म्हणतो. सुमन, जी माझं बोलणं मध्येच तोडून पोस्टमनचं बोलणं पूर्ण ऐकते, ती माझ्या जुन्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकायला लागली. बैलाची गोष्ट तिने आयुष्यात पहिल्यांदा खरी मानली. अभिजितने मागे रेलायची खुर्ची आणली. शेताच्या बांधाच्या भांडणावरून भाऊ माझ्याशी नीट बोलत नव्हता, तो आंब्यांची पेटी घेऊन आला आणि निघताना माझ्या पाया पडला. मला वाटलं, धानोरीच्या सामाईक जागेच्या कागदावर माझी सही पाहिजे असणार. मी दोन रात्री कपाटाची किल्ली उशीखाली घेऊन झोपलो.

आणि कुजबुज. स्वयंपाकघरात कुजबुज, गॅलरीत कुजबुज. मी खोलीत शिरलो की सगळ्यांना एकदम पावसाची चौकशी सुचायची.

पुण्याला वाटतं, फटकळपणा म्हणजे आपलं खास उत्पादन. तुमची गाडी चुकीची लावली असेल तर ओळखदेख नसलेला माणूस तुमच्या खानदानाचा हिशोब तोंडावर मांडेल. दुपारी बेल वाजवा, मग बघा. पण बापाच्या घशात काय आहे ते बापाला सांगायची वेळ आली की या शहराची वाचा जाते. आमचा सगळा स्पष्टवक्तेपणा पार्किंगपुरता. हे मला मारिके घरात येईपर्यंत दिसलंच नव्हतं.

तर त्या दुपारी बिस्किटाचा डबा पुढ्यात होता आणि मी पेटलो. पहिल्यांदा कुणावर? तिच्यावरच. उरलेल्या आवाजात जेवढं ओरडता आलं तेवढं ओरडलो. आमच्या घरात राहतेस, आमचं खातेस, आणि असं खाडकन? तिकडे तुमच्यात माणसाला मारतानाही असंच बिस्कीट देतात का? ती ऐकत होती. रडली नाही, माफीही मागितली नाही. फक्त म्हणाली, ‘‘तुम्ही रागावणं बरोबर आहे. पण माझ्यावर रागावणं बरोबर आहे का, ते मला माहीत नाही.’’

तेवढ्यात सुमन भाजी घेऊन आली, संध्याकाळी अभिजित आला, आणि घरात असं मैदान भरलं की कुणाचा हात कुणाच्या मानेवर ते कळेना. अभिजितने मारिकेला सांगून टाकलं की उद्याच्या उद्या होस्टेल बघ. ती आत जाऊन बॅग भरायला लागली. उद्यापर्यंत थांबायचं असतं हे तिला कोणी सांगणार? बॅग घेऊन ती दारात आली, तर सुमन, डोळे पुसत, पोळ्या लाटत, तिच्यावर खेकसली.

‘‘जेवल्याशिवाय कुणाला घालवायची आमच्यात पद्धत नाही. बस.’’

मारिके बॅग शेजारी ठेवून बसली. जेवली. ताट घासलं. मग शांतपणे विचारलं, ‘‘काकू, आता जाऊ का?’’

‘‘आता कुठे जातेस, अंधार पडला,’’ सुमन म्हणाली.

अशा रीतीने तिची हकालपट्टी एका दिवसाने पुढे ढकलली गेली, मग आणखी एका दिवसाने, आणि मग कुणी तो विषय काढलाच नाही. आम्ही माणसाला घरातून काढतोही असे आणि ठेवतोही असे, तोंडाने काही न बोलता. मारिके मात्र रोज सकाळी विचारायची की आज जायचंय का. तिला लेखी उत्तर हवं होतं. शेवटी चौथ्या दिवशी सुमन म्हणाली, राहा. नुसतं तेवढंच. मारिकेने बॅग रिकामी केली.

त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी मी अभिजितला घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. येत्या सोमवारी मला ऑपरेशनसाठी भरती करायचं ठरलं होतं. आत शिरलो, खुर्ची ओढून डॉक्टरांच्या अगदी नाकासमोर बसलो, आणि जो काही घोगरा आवाज निघाला त्यात म्हणालो, ‘‘मला कॅन्सर आहे हे मला कळलंय. आता मला सांगा. याला नको, मला.’’

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. चष्मा पुसला, नीट सांगितलं. माझा आजार दुसऱ्या टप्प्यातला, म्हणजे स्वरयंत्राच्या बाहेर गेलेला नाही. दोन रस्ते होते. एक लेझर ऑपरेशन, म्हणजे तोंडातूनच आत जाऊन प्रकाशाच्या किरणाने तो भाग कापून काढणं. झटपट मोकळे. पण माझा डाग दोन्ही तंतूंवर, ते पुढे जिथे जुळतात तिथपर्यंत पसरलेला. तेवढं कापलं तर आवाज नुसता हवेसारखा उरणार. दुसरा रस्ता रेडिएशन, म्हणजे बाहेरून किरणांचा मारा. पाच-सहा आठवडे, रोज यायचं, घसा भाजून निघतो, गिळणं अवघड होतं. पण आवाज टिकण्याची आशा त्यात जास्त. हमी मात्र नाही. बरं होण्याच्या दृष्टीने माझ्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच.

मी विचारलं, ‘‘मग ऑपरेशन कुणी ठरवलं?’’

डॉक्टरांनी अभिजितकडे बघितलं. अभिजितने जमिनीकडे.

‘‘रेडिएशनच्या विभागावर पाटी आहे, अण्णा,’’ तो म्हणाला. ‘‘एवढी मोठी. कॅन्सर विभाग म्हणून. तुम्हाला तिथे रोज नेलं असतं तर तुम्ही वाचली असती.’’

हे वाक्य परत वाचा. मी त्या खोलीत ते मनात शंभर वेळा वाचलं. मी पाटी वाचू नये म्हणून माझा आवाज कापायचा ठरला होता. खोटं झाकलं जावं म्हणून उपचार निवडला होता. आणि ज्याने निवडला तो माझ्यावर जीव टाकणारा माझा मुलगा, आणि ज्याने ऐकून घेतलं तो दहा डिग्र्या लावलेला डॉक्टर. त्याने मला म्हटलं, ‘‘नातेवाइकांची तशी इच्छा होती.’’

मी म्हणालो, ‘‘नातेवाइकांचा घसा तपासलात का?’’

मला तेव्हा मोठ्याने ओरडायचं होतं. सगळं हॉस्पिटल हादरेल एवढं. निघालं काय, तर फाटक्या भात्यातून येते तशी फुसफुस. त्या क्षणी मला कळलं की मी काय गमावायला निघालो होतो.

रेडिएशन सुरू झालं. पाटी खरोखरच मोठी होती. मी तिच्याखाली उभा राहून अभिजितला माझा फोटो काढायला लावला.

पहिल्या दिवशी मास्क करतात. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची चादर तोंडावर आणि मानेवर ताणून दाबतात, ती थंड झाली की तुमच्या चेहऱ्याचा साचा तयार. रोज तो साचा चढवून टेबलाला खिळवतात, म्हणजे केसभरही हलायचं नाही. मी आयुष्यभर पैलवानांना चीत होताना वर्णन केलंय. पाठ टेकलेल्या माणसाला वरून काय दिसतं हे मला तिथे कळलं. छत दिसतं. आणि एक गळका कोपरा.

रेडिएशनच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याशीच बोलायचं ठरवलं होतं, बहुधा माझी कीर्ती खालच्या मजल्यावरून वर पोचली असावी. त्यांनी नियम सांगितले. तिखट नाही, विडी नाही, पाणी भरपूर, बोलणं कमी. आणि कुजबुजायचं नाही. मी चमकलो. त्या म्हणाल्या, साधं, हळू बोला, ते चालेल, पण कुजबुजण्याने तंतूंवर जास्त ताण येतो.

घरी येऊन मी हा नियम सगळ्यांना वाचून दाखवला आणि घरातल्या प्रत्येकाला लागू केला. वैद्यकीय आदेश आहे म्हटलं. स्वयंपाकघरात आवाज जरा दबला की मी ताटलीवर चमचा वाजवायचो.

तिसऱ्या आठवड्यात मानेची कातडी काळवंडली, थुंकी गिळतानाही ब्लेड गिळल्यासारखं वाटायला लागलं. सुमन भाताची पेज करायची, मऊ खिमट करायची, वाटी पुढे ठेवायची. मी तिच्याशी बोलत नव्हतो. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलेली, त्यामुळे भांडण आहे की पथ्य हे तिला कळायला मार्ग नव्हता. शेवटी एकदा वाटी ठेवून ती समोर बसली.

‘‘तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं ना,’’ ती म्हणाली, ‘‘तर तुम्ही संध्याकाळपर्यंत माइक लावून साऱ्या गावाला सांगितलं असतं. तुमचं दुःख सांभाळायला दहा माणसं जमली असती. मला रडायला घरात कोपरा उरला नसता.’’

राग होता, तो तसाच ठेवला. पण पेज संपवली.

मास्कसाठी बाहेर थांबायला लागायचं तिथे एक आजोबा रोज भेटायचे, अमरावतीकडचे. मुलगी खराडीत नोकरीला, तिच्याकडे उपचारासाठी आलेले. मुलीने त्यांना सांगितलं होतं की मानेला गाठ आलीय, तिला शेक देतात. मुलगी पाणी आणायला गेली तेव्हा त्यांनी मला विचारलं, तुम्हाले काय झालं जी? मी ठणकावून, म्हणजे त्या दिवशी जमेल तेवढं ठणकावून, सांगितलं, कॅन्सर. आणि पाटीकडे बोट केलं. इथे सगळ्यांना तोच असतो म्हटलं. माझ्यात मारिके संचारली होती.

आजोबा हसले. म्हणाले, ‘‘मले वाचता येते जी. पण पोरीले सांगू नका. तिले वाटते मले माहीत नाही. तेवढ्यावर ती जेवते.’’

मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली. आम्ही पावसाची चौकशी करायला लागलो.

घरी येऊन मी हे मारिकेला सांगितलं, मला वाटलं ती गोंधळेल. तिने विचार केला. म्हणाली, ‘‘ते वेगळं आहे. आजोबांनी स्वतः ठरवलं. तुमचं तुमच्या मुलाने ठरवलं.’’ आणि एक बिस्कीट खाऊन डबा बंद केला. मला त्या आजोबांचाही राग येत होता आणि त्यांच्या मुलीचाही. पण हे दोन राग एकत्र बांधता येत नव्हते, ते तिने दोन वाक्यांत सोडवून दिले.

उपचार संपले. मारिकेचं वर्षही संपलं. निघायच्या दिवशी सुमनने तिला एवढे लाडू बांधून दिले की विमान उडालं हेच आश्चर्य. मारिके म्हणाली, काकू, एवढे नकोत. सुमनने निम्मे काढून घेतले. पहिल्याच ‘नको’ला. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. कुणी टांगलं ते कुणी कबूल करत नाही.

मग आली पहिली मोठी तपासणी. आवाज हळूहळू येत होता. जुना नव्हे, पत्र्यावर वाळू घासल्यासारखा, पण येत होता. कॅमेरा परत आत जाणार, आत काय उरलंय ते दिसणार. अभिजित गाडी चालवत होता. आम्ही दोघं अजूनही जपूनच बोलत होतो. मी त्याला माफ केलंय असं मी अजून म्हटलेलं नाही, आणि त्याने विचारलेलंही नाही.

नंबर आला. नर्सने फाईल उघडली आणि सवयीने माझ्या मागे बघत विचारलं, ‘‘सोबत कोण आहे?’’

मी तोंड उघडणार, तोच अभिजित म्हणाला, ‘‘मी आहे. मी बाहेर बसतो.’’

आणि तो जाऊन त्या बाकावर बसला. टीव्हीसमोर. त्याच.

आत डॉक्टरांनी कॅमेरा घातला, पडदा माझ्याकडे वळवला. तंतू लालसर होते, पण स्वच्छ. तो पांढरा खडबडीतपणा कुठेही नव्हता. ते माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले की आत्ता आजाराची खूण दिसत नाही, पण दर दोन महिन्यांनी यायचं, पुढची काही वर्षं. मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले, आणि त्याच दमात म्हणालो, पुढच्या पेशंटलाही असंच सांगा. ते हो म्हणाले. म्हणाले तरी.

आता माझी कबुली ऐका. खुर्चीतून उठतानाच मी ठरवलं होतं की याला सांगायचं नाही. बाहेर जायचं, चेहरा दगडासारखा ठेवायचा, ‘चल, घरी बोलू’ म्हणायचं. विश्रांतवाडीपर्यंत सगळे सिग्नल, सगळे खड्डे, सगळी गर्दी, त्याला न कळता काढायला लावायची. बंद दाराच्या या बाजूला बसणं काय असतं ते त्यालाही कळू दे. मी मनात त्याचं पूर्ण निवेदनही तयार केलं होतं.

दार उघडलं. अभिजित बाकावर होता. समोर टीव्हीवर कुणीतरी तोंड हलवत होतं. तो टीव्ही बघत नव्हता, दाराकडे बघत होता. उभा राहिला फक्त, लहानपणी मैदानात गर्दीत हरवला होता आणि मी माइकवरून त्याचं नाव पुकारलं होतं, तेव्हा उभा होता तसा.

विश्रांतवाडी राहू दे, मला लिफ्टसुद्धा गाठता आली नाही.

‘‘साफ आहे,’’ मी म्हणालो. ‘‘घसा साफ आहे, अभ्या!’’

जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण अख्खी वेटिंग रूम वळली. औषधांच्या खिडकीतला माणूस बाहेर डोकावला. एक लहान पोर झोपेतून उठून रडायला लागलं. आणि कोपऱ्यातला सिक्युरिटी गार्ड घाईघाईने माझ्याकडे आला, ओठावर बोट ठेवून.

‘‘काका, जरा हळू.’’

मी त्याला परत म्हणायला लावलं.